दोन जागांमधला फरक

१९२४ साली दोन वेगळ्या देशांत, एकमेकांची गंधवार्ता नसलेली दोन माणसं एकाच जातीच्या प्रश्नाला भिडली होती. जर्मनीतल्या येना गावी ६ जुलैला मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी एका सतरा वर्षांच्या मुलाच्या डोक्यातून येणारी विजेची बारीक थरथर पाहिली. शस्त्रक्रियेत त्या मुलाच्या कवटीचा तुकडा काढलेला होता, त्यामुळे मेंदू आणि तार यांच्यामध्ये हाड नव्हतं. त्याच वर्षी ऑक्टोबरात जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद, यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं. उड्डियान आणि नौली या पोटाच्या योगक्रिया करताना आत काय होतं ते क्ष-किरणांनी आणि दाबमापकांनी तपासायचं, असा त्यांचा ध्यास होता. मनाच्या व्यापाराची शरीरात मोजता येणारी खूण सापडते का, हा दोघांचाही प्रश्न. पुढे तीसेक वर्षांनी बर्गर यांचं तंत्र लोणावळ्यात पोचलं. त्या प्रवासात माणसं काय शिकली, ते इथे सांगायचं आहे. मेंदूचा आलेख वाचता येण्याआधी तो मांडावा लागतो, आणि ती मांडणी शिकायला कित्येक दशकं लागली.

बर्गर यांची गोष्ट एका अपघातापासून सुरू होते. तरुणपणी लष्करी सेवेत असताना ते घोड्यावरून पडले आणि तोफेच्या गाड्याखाली येता येता वाचले. त्याच दिवशी दूर घरी असलेल्या बहिणीला भाऊ संकटात आहे असं तीव्रतेनं वाटलं, आणि तिच्या आग्रहामुळे वडिलांची तार आली. बर्गर यांनी हा योगायोग मानला नाही. मनातून काही ऊर्जा बाहेर पडत असली पाहिजे आणि ती मोजता आली पाहिजे, या एका कल्पनेपायी त्यांनी पुढची अनेक वर्षं घालवली. मनातून मनाकडे जाणारी ऊर्जा त्यांना कधीच सापडली नाही. सापडला तो मेंदूचा विद्युत आलेख, आजच्या बोलीत ईईजी.

प्राण्यांच्या मेंदूत वीज असते हे लिव्हरपूलच्या रिचर्ड केटन यांनी १८७५ मध्येच सांगितलं होतं. त्यांनी सशांच्या आणि माकडांच्या उघड्या मेंदूवर तारा ठेवल्या होत्या. बर्गर यांना मात्र जिवंत माणसाच्या बंद कवटीवरून ती टिपायची होती. टॉर्चच्या सेलचा दाब दीड व्होल्ट असतो, आणि डोक्याच्या त्वचेवर मिळतो तो साधारण त्याचा तीस हजारावा भाग. एवढंसं काही दिसलं तरी ते मेंदूचंच आहे, हृदयाचं किंवा स्नायूंचं नाही, याची खात्री पटायला त्यांना पाच वर्षं लागली. १९२९ मध्ये त्यांचा पहिला निबंध छापून आला. त्यासाठी त्यांनी कितीतरी आलेख आपल्याच मुलाच्या, क्लाउसच्या डोक्यावरून काढले होते. सेकंदाला दहाच्या आसपास येणाऱ्या संथ लाटांना त्यांनी अल्फा म्हटलं. डोळे मिटले की त्या उमटतात आणि उघडले की विरतात, हेही त्यांनीच नोंदवलं.

बर्गर यांची मांडणी साधी होती : एक इलेक्ट्रोड, म्हणजे वीज टिपणारी तार, कपाळावर, दुसरा डोक्याच्या मागे. यंत्र या दोन जागांमधला विद्युत दाबाचा फरक काढतं आणि तोच कागदावर रेघ होऊन उमटतो. पुढची सगळी हकीकत या एका वाक्यावर उभी आहे. ईईजीतली कोणतीही रेघ मेंदूतल्या एका जागेची नसते. ती दोन जागांमधली वजाबाकी असते. दोन्ही जागी एकाच क्षणी सारखं काही घडलं तर रेघ सपाट राहते, मग आत केवढीही खळबळ असो.

बर्गर यांच्या दोन इलेक्ट्रोडांमध्ये जवळजवळ सगळं डोकं येत होतं. मेंदू एकदिलानं, एका ठेक्यात चालतो असं त्यांना वाटे, आणि या मांडणीतून त्या समजुतीला धक्का देणारं काही बाहेर येणं अवघडच होतं. अल्फा लाट डोक्याच्या मागच्या भागातून आली काय किंवा पुढच्या भागातून आली काय, त्यांच्या कागदावर ती सारखीच दिसणार. विज्ञानाच्या इतिहासात मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो. इतका सावध, स्वतःच्या नोंदींवर पाच वर्षं शंका घेणारा माणूस, आणि तरी जे त्याच्या मांडणीत मावत नव्हतं ते त्याला दिसलं नाही. त्यांच्या चिकाटीला यानं कमीपणा येत नाही. मांडणीची ताकद किती असते ते यातून कळतं.

ही गाठ केंब्रिजमध्ये सुटली. नोबेल मिळवलेले एडगर एड्रियन आणि त्यांचे सहकारी ब्रायन मॅथ्यूज यांनी १९३४ मध्ये बर्गर यांचे प्रयोग पुन्हा केले, तेही एड्रियन यांच्याच डोक्यावर. त्या वर्षीच्या मे महिन्यात शरीरशास्त्रज्ञांच्या सभेत एड्रियन यांनी आपल्या मेंदूची लाट सर्वांसमोर चालू-बंद करून दाखवली, तेव्हा जगानं बर्गर यांचं म्हणणं मान्य केलं. एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी डोक्यावर इलेक्ट्रोडांची रांग लावली आणि शेजारशेजारच्या जोड्यांमधले फरक एकाच वेळी टिपले. त्यातून अल्फा लाटेचा उगम डोक्याच्या मागच्या भागात, दृष्टीचं काम चालतं तिथे आहे, हे उघड झालं. पुढच्या वर्षी एड्रियन आणि त्यांचे दुसरे सहकारी यामागिवा यांनी ही पद्धत आणखी बारकाईनं वापरली.

मॅथ्यूज यांचं काम यंत्राच्या बाजूचं. दोन तारांवर जे सारखंच येतं ते वजा करून टाकणारा आणि फक्त फरक वाढवणारा वर्धक त्यांनी १९३४ मध्ये वर्णन केला. भिंतीतल्या विजेचा गुंजारव दोन्ही तारांवर सारखाच असतो, म्हणून तो गळून जातो. हीच युक्ती आज आमच्या हिंगोली जिल्ह्याच्या वाट्याला फार मोठ्या आकारात आली आहे. औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला उभी राहणारी लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा चार-चार किलोमीटरच्या दोन काटकोनी भुजांमधला फरकच मोजणार आहे. दोन्ही भुजांना सारखं जाणवणारं वजा होतं आणि गुरुत्वीय लहरीचा अंश उरतो. केंद्रीय मंत्रिमंडळानं २०२३ मध्ये तिला २६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. एवढी जगड्व्याळ वेधशाळा आणि डोक्याला चिकटवलेली एक तार, दोघींची बुद्धी एकच.

मांडणीचं मोल रुग्णाच्या जिवाशी जोडलं गेलं ते १९३६ मध्ये. लंडनमध्ये ग्रे वॉल्टर नावाच्या तरुण संशोधकानं मेंदूतल्या गाठीची जागा कवटी न उघडता शोधून दाखवली. सीटी स्कॅन यायला अजून पस्तीस वर्षं होती. तोवर गाठ शोधायची तर मेंदूतल्या पोकळ्यांत हवा भरून क्ष-किरण चित्र काढत, आणि ते रोग्याला असह्य होई. वॉल्टर यांनी पाहिलं की गाठ स्वतः विजेच्या दृष्टीनं मुकी असते, पण तिच्या भोवतीचा दुखावलेला मेंदू फार मंद, मोठ्या लाटा सोडतो. त्यांना त्यांनी डेल्टा म्हटलं. त्या नेमक्या कुठून येतात हे कळायला त्यांनी केंब्रिजची साखळी वापरली.

साखळी म्हणजे अशी : पहिला इलेक्ट्रोड दुसऱ्याशी जोडायचा, दुसरा तिसऱ्याशी, तिसरा चौथ्याशी. प्रत्येक मधला इलेक्ट्रोड दोन रेघांमध्ये येतो, एकीत दुसरा म्हणून, दुसरीत पहिला म्हणून. ईईजीत रूढी अशी की जोडीतला पहिला इलेक्ट्रोड दुसऱ्यापेक्षा जास्त ऋण झाला तर रेघ वर जाते. आता समजा बिघाड तिसऱ्या इलेक्ट्रोडखाली आहे आणि तिथे ऋण टोक उमटलं. दुसरा-तिसरा या जोडीत रेघ खाली जाईल, तिसरा-चौथा या जोडीत वर. वरची रेघ खाली वळलेली आणि खालची वर वळलेली, दोन टोकं एकमेकांकडे बोट दाखवल्यासारखी. ती ज्या इलेक्ट्रोडवर भेटतात तिथे, किंवा त्याच्या अगदी जवळ, बिघाड. डॉक्टर याला फेज रिव्हर्सल म्हणतात. आजही फिटच्या रुग्णाचा आलेख हातात घेतला की अनुभवी डोळा पहिल्यांदा हेच शोधतो.

अटलांटिकच्या पलीकडे बॉस्टनमध्ये वेगळी वाट धरली गेली. फ्रेडरिक गिब्ज, हॅलोवेल डेव्हिस आणि विल्यम लेनॉक्स यांनी १९३५ मध्ये लहान मुलांच्या क्षणभर शून्यात जाण्याच्या आजारात सेकंदाला तीन या ठेक्यानं येणारं टोक आणि लाट दाखवलं. त्याच सुमारास आल्बर्ट ग्रास यांनी गिब्ज यांच्यासाठी यंत्र बांधलं. गिब्ज साखळीऐवजी प्रत्येक इलेक्ट्रोड कानाच्या पाळीशी ताडून पाहत. कानाजवळ मेंदू नाही, म्हणजे ती जागा शांत, असा विचार. त्यामुळे प्रत्येक रेघ त्या-त्या जागेची स्वतःची आहे असं वाटे, आणि सगळ्या डोक्यावर पसरलेला बिघाड साखळीत वजा होऊन जाई, तो इथे ठळक दिसे.

पण कान खरोखर शांत असतो का? आमच्याकडे पाझर तलावाची पातळी काढायला सर्व्हेअर येतो, तेव्हा एखाद्या पक्क्या दगडाला शून्य धरून शिवारातल्या साऱ्या उंच्या सांगतो. तो दगडच खचला तर कागदावर सगळं शिवार वर आलेलं दिसेल. ईईजीत तेच होतं. कानशिलाखाली मेंदूचा जो भाग आहे तो मिरगीचा फार मोठा उगम, आणि कान त्याच्या शेजारी. तिथे टोक उठलं की ते कानाच्या इलेक्ट्रोडमध्येही शिरतं आणि त्या बाजूच्या सगळ्या रेघा एकाच वेळी उलट्या दिशेनं हलतात. नवखा वाचक म्हणेल, अर्धा मेंदू बिघडला आहे. बिघाड असतो एका कोपऱ्यात. पुढे १९५० च्या सुमारास सगळ्या इलेक्ट्रोडांची सरासरी शून्य धरण्याची पद्धत सुचवली गेली. तिचेही स्वतःचे दोष आहेत, कारण एका जागचा मोठा झटका सरासरीतून साऱ्यांना थोडा थोडा वाटला जातो.

म्हणजे निर्दोष मांडणी नाहीच. साखळी जवळचं आणि नेमकं पकडते, पण पसरलेलं गमावते, आणि साखळीच्या अगदी टोकाच्या इलेक्ट्रोडखालचा बिघाड तिला दाखवता येत नाही, कारण तिथे उलटायला पुढची जोडीच नसते. एका संदर्भाशी ताडलेली मांडणी पसरलेलं दाखवते, पण संदर्भ खचला की फसवते. म्हणून एकाच मेंदूला एकामागून एक वेगवेगळ्या मांडण्यांत बसवून विचारायचं, आणि जे सगळ्यांत टिकतं त्यावर विश्वास ठेवायचा. या मांडण्यांना माँटाज म्हणतात. युरोप आणि अमेरिकेतल्या शाळा पुढची कितीतरी वर्षं यावर वाद घालत राहिल्या, पण रुग्णांचं भलं दोन्ही पद्धती एकत्र आल्यावरच झालं.

शिवाय सुरुवातीला एक मूलभूत घोटाळा होता. प्रत्येक प्रयोगशाळा इलेक्ट्रोड आपापल्या मनानं चिकटवी. लंडनचा आलेख पॅरिसच्या आलेखाशी ताडून पाहायचा कसा? १९४७ मध्ये लंडनला ईईजीची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि हे काम माँट्रियलच्या हर्बर्ट जॅस्पर यांच्याकडे आलं. जॅस्पर माँट्रियल न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटमध्ये, वाइल्डर पेनफिल्ड यांच्या शस्त्रक्रियागृहाच्या शेजारी काम करत. मिरगीच्या रुग्णांचा मेंदू उघडा असताना त्यावरची वीज टिपण्याचं भाग्य तिथे होतं. त्यामुळे त्वचेवरची खूण आतल्या कोणत्या घडीवर पडते, हे त्यांना हवेतून ठरवायचं नव्हतं.

जॅस्पर यांनी सुचवलेली युक्ती इतकी साधी आहे की तिचं मोठेपण पटकन जाणवत नाही. त्यांनी सेंटिमीटर टाकून टक्के धरले. नाकाच्या मुळाशी दोन भुवयांमधली खोबण हा एक बिंदू, आणि मागे मानेच्या वर बोटाला लागणारा हाडाचा उंचवटा हा दुसरा. त्यांच्यामधलं अंतर टेपनं मोजायचं. पहिली खूण दहा टक्क्यांवर, पुढच्या वीस-वीस टक्क्यांवर, शेवटी पुन्हा दहा उरतात. समजा अंतर ३६ सेंटिमीटर आलं. पहिली खूण ३.६ वर, मग ७.२, पुन्हा ७.२, आणि १८ वर डोक्याचा बरोबर मध्य. एका कानापुढच्या खळग्यापासून दुसऱ्या कानापुढच्या खळग्यापर्यंतही तसंच. तान्हं मूल असो वा पहिलवान, डोक्याचा आकार बदलला तरी खूण मेंदूच्या त्याच भागावर पडते. एकूण एकवीस जागा. पुढचा भाग, मधला, वरचा-मागचा, कानशिलाचा, मागचा, अशी भागांची अक्षरं. डावीकडे विषम आकडे, उजवीकडे सम. मधल्या रेषेवर शून्य. १९४९ ला पॅरिसमध्ये ही पद्धत मांडली गेली आणि १९५८ मध्ये जॅस्पर यांनी ती छापली. दहा-वीस पद्धत म्हणून ती आज जगभर चालते. हिंगोलीच्या माणसाचा आलेख टोकियोत कुणी वाचला तरी टी-४ म्हणजे उजवं कानशील, यात शंका राहत नाही.

खुणा ठरल्यावर त्यांच्या साखळ्याही ठरत गेल्या. आज सर्वांत जास्त वापरली जाते ती कपाळापासून मागे जाणारी. उजव्या बाजूला एक साखळी कानशिलावरून, दुसरी मधल्या रेषेच्या जवळून. डावीकडे तशाच दोन. प्रत्येकीत चार जोड्या, म्हणजे सोळा रेघा, आणि मधल्या रेषेवरच्या दोन मिळून अठरा. नकाशावर प्रत्येक बाजूच्या साखळ्यांची जोडी केळ्याच्या आकाराची दिसते, म्हणून डॉक्टरांच्या तोंडी डबल बनाना हे नाव बसलं. दुसरी मांडणी एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे आडवी जाते आणि पहिलीला जे टोकावर दिसत नाही ते पकडते.

जॅस्पर माँट्रियलमध्ये होते त्याच काळात केरळचे जेकब चँडी तिथे पेनफिल्ड यांच्या हाताखाली शिकत होते. १९४९ मध्ये ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले आणि भारतातला मेंदूशस्त्रक्रियेचा पहिला विभाग त्यांनी उभा केला. ऑगस्ट १९५२ मध्ये त्यांनी मिरगीवरची देशातली पहिली शस्त्रक्रिया केली. मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर वाडिया आणि के. ई. एम. मध्ये डॉ. एडी भरुचा यांनी मेंदूविकाराचे विभाग घडवले. भरुचा यांच्याच पुढाकारातून १९७० मध्ये इंडियन एपिलेप्सी असोसिएशन स्थापन झाली.

१९५० च्याच दशकात लोणावळ्याची हकीकत घडली. बसू कुमार बागची हे मूळ बंगालचे. तरुणपणी ते स्वामी धीरानंद या नावानं परमहंस योगानंदांचे सहकारी म्हणून अमेरिकेत गेले होते. पुढे संन्यास आणि संस्था सोडून त्यांनी मानसशास्त्राची पदवी घेतली आणि मिशिगन विद्यापीठात ईईजीचे तज्ज्ञ झाले. ध्यान त्यांनी आतून अनुभवलं होतं आणि आता ते बाहेरून मोजायला निघाले होते. लॉस एंजेलिसचे मानसशास्त्रज्ञ मॅरियन वेंगर यांच्यासह ते हलवता येणारं यंत्र घेऊन भारतभर फिरले. कैवल्यधाम हा त्या दौऱ्यातला एक मुख्य मुक्काम होता. कुवलयानंदांनी तीस वर्षं जी शिस्त रुजवली होती, तिच्यामुळे साधकाच्या अंगाला तारा जोडणं तिथे कुणाला अपवित्र वाटलं नाही. इतर अनेक आश्रमांत हे शक्य झालं नसतं.

त्याआधी १९५५ मध्ये एन. एन. दास आणि मार्सेयचे आंरी गास्तो यांनी सात योग्यांचे आलेख छापले होते. गाढ ध्यानात मेंदूत वेगवान लाटा उसळतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. बागची आणि वेंगर यांना १९५७ मध्ये तसं काही दिसलं नाही. त्यांच्या आलेखांत जाग्या, निवांत माणसाची अल्फा लाटच प्रामुख्यानं होती. मग १९६१ मध्ये दिल्लीच्या एम्समधून बी. के. आनंद, जी. एस. छिना आणि बलदेव सिंग यांनी लिहिलं की समाधीत असलेल्या योग्यांची अल्फा लाट प्रकाश, आवाज किंवा चटका यांनीही मोडत नाही. दोघा योग्यांनी चार अंश सेल्सिअसच्या पाण्यात पाऊण तासाहून जास्त वेळ हात धरला आणि तेव्हाही ती टिकून होती.

तीन चमू, तीन उत्तरं. ध्यानाच्या पद्धती वेगळ्या आणि साधक वेगळे, हे कारण तर आहेच. पण माझ्या मते मांडणीचाही त्यात मोठा वाटा आहे. त्या काळच्या यंत्रांना बहुधा आठ चॅनेल असत. डोक्यावर एकवीस जागा आणि कागदावर आठ रेघा. कोणते आठ फरक काढायचे ते आधीच ठरवावं लागे, आणि जे निवडलं नाही ते कायमचं गेलं. शिवाय कपाळ आणि कानशिलाचे स्नायू ताणले की वेगवान थरथर उमटते आणि ती मेंदूच्या वेगवान लाटांसारखी दिसते. ती स्नायूंची की मेंदूची, हे एकाच मांडणीतून ओळखणं कठीण. जे बर्गर यांच्या बाबतीत घडलं तेच इथेही घडू शकत होतं. बागची यांचं मोठेपण मला यात दिसतं की ज्या परंपरेत ते वाढले तिला मोठेपणा देणारा निष्कर्ष समोर तयार असताना त्यांनी आपल्या कागदावर जे उमटलं तेवढंच लिहिलं.

त्या कागदाबद्दलही सांगायला हवं. सेकंदाला तीस मिलिमीटर या वेगानं कागद सरकायचा. वीस मिनिटांच्या तपासणीला छत्तीस मीटर, म्हणजे एकशेवीस पानांचा गठ्ठा. शाईचे पेन खरखरत राहायचे, आणि तंत्रज्ञ उभा राहून एक डोळा रुग्णावर आणि एक कागदावर ठेवायचा. कानशिलाजवळ काही संशयास्पद दिसलं तर लगेच खटके फिरवून दुसरी मांडणी लावायची, रुग्णाला डोळे मिटायला सांगायचं, खोल श्वास घ्यायला लावायचा, आणि सगळं कागदाच्या कडेला लिहायचं. डॉक्टर दुसऱ्या दिवशी वाचणार. तंत्रज्ञानं त्या क्षणी खटका फिरवला नाही तर डॉक्टरांच्या हाती काहीच उरत नसे. मेंदूविज्ञानाच्या इतिहासात या माणसांची नावं नाहीत, पण साऱ्या निदानांचा पाया त्यांच्या हातांनी घातला.

संगणक आल्यावर ही सक्ती संपली. आता यंत्र प्रत्येक इलेक्ट्रोड एकाच समान संदर्भाशी ताडून साठवतं. एका जागेच्या नोंदीतून दुसऱ्या जागेची नोंद वजा केली की संदर्भ आपोआप गळतो आणि त्या दोन जागांमधला फरक हाती येतो. त्यामुळे तपासणी संपल्यावरही तोच क्षण साखळीत, आडव्या मांडणीत, कानाशी किंवा सरासरीशी ताडून पाहता येतो. १९५० च्या दशकातल्या संशोधकांना हे मिळालं असतं तर लोणावळा आणि मार्सेयमधला वाद बराचसा मिटला असता. तरी एक गोष्ट संगणकालाही दुरुस्त करता येत नाही. इलेक्ट्रोड चुकीच्या जागी चिकटला किंवा सैल राहिला तर पुढची सगळी वजाबाकी चुकीची. टेप आणि पेस्ट नीट वापरणारा हात आजही तितकाच लागतो.

आलेखाला त्याच्या कुवतीपलीकडचं विचारलं तर काय होतं, याचं उदाहरण महाराष्ट्रानंच पाहिलं. २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयानं खुनाच्या एका खटल्यात दोषी ठरवताना मेंदूच्या लाटांवर आधारलेल्या चाचणीचाही आधार घेतला. आरोपीच्या स्मृतीत गुन्ह्याचा अनुभव आहे की नाही हे ती सांगते, असा दावा होता. त्याच वर्षी निम्हान्स या मेंदू आणि मनोविकारांच्या राष्ट्रीय संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीनं ही पद्धत अशास्त्रीय ठरवली. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयानं अशा चाचण्या माणसाच्या संमतीविना करता येणार नाहीत, असा निर्णय दिला. डोक्यावरच्या दोन जागांमधल्या फरकातून माणसाचं पाप-पुण्य वाचता येत नाही. बर्गर यांनाही मन वाचायचं होतं, पण आपल्या हाती त्याहून कमी आलं आहे हे त्यांनी ओळखलं आणि तेवढंच लिहिलं.

जे हाती आलं तेही थोडं नाही. आपल्या हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत, औंढा या पाच तालुक्यांत फिट येणारं मूल आजही कित्येकदा आधी देवऋष्याकडे जातं. अंगात आलं म्हणतात, चप्पल हुंगवतात, मुलीचं लग्न मोडेल म्हणून आजार झाकतात. मिरगी हा मेंदूतल्या विजेचा आजार आहे आणि बहुतेकांना गोळ्यांनी आराम पडतो. ईईजी त्यात मदत करतं, पण एका साध्या तपासणीत निम्म्याच्या आसपास रुग्णांतच खूण सापडते. म्हणून आलेख चांगला आला तर आजार नाही असं समजू नका, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या बंद करू नका. तपासणीला जाताना केस धुऊन, तेल न लावता जा. सांगितलं असेल तर रात्री जागरण करा, कारण झोपेच्या उंबरठ्यावर खूण जास्त दिसते. घरात कुणाला फिट आली तर तोंडात काही घालू नका, कुशीवर वळवा, घड्याळ पाहा, जमलं तर मोबाइलवर चित्रण करा. पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट दवाखाना गाठा.

१ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झालेल्या या जिल्ह्याला स्वतःचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळायला २०२४ साल उजाडलं. तोवर मोठ्या तपासणीसाठी नांदेड किंवा संभाजीनगरचीच वाट होती. आता महाविद्यालय आकार घेत आहे तोवरच लोकप्रतिनिधींनी, डॉक्टरांनी आणि आपण सगळ्यांनी एक मागणी लावून धरावी : तिथे ईईजीची खोली असावी, आणि यंत्राच्या खरेदीबरोबरच टेपनं डोकं मोजायला, इलेक्ट्रोड लावायला आणि मांडण्या फिरवून पाहायला शिकलेल्या तंत्रज्ञाचं कायमचं पद मंजूर व्हावं.